नानांची भित्री पेटी

भोसरीतले आमचे घरमालक नाना तारेत वीज आहे की नाही, हे हाताच्या मागच्या बाजूने तपासत. टेस्टर त्यांच्या मते नोकरदारांसाठी होता. झटका बसला की समाधानाने "हाय" म्हणत, नाही बसला तर वायरमनला बोलावत. एवढ्या संशोधक वृत्तीचा माणूस मी कंपनीतसुद्धा पाहिला नाही.

त्यांचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. सगळ्यांत मिळून एक मोरी, तिथेच पाण्याची मोटर, आणि भिंत बारा महिने ओली. नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. माझी बायको तक्रार घेऊन गेली तेव्हा म्हणाले, "सूनबाई, करंट घरच्या मानसाला वळखतो. थोडं दिस जाऊ द्या."

आमची छकुली तेव्हा दोन वर्षांची, त्याच मोरीत खेळायची. करंटाशी तिची ओळख होईपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता. म्हणून आम्ही भाडेकरूंनी ईएलसीबीची पेटी बसवली. वीज कुठे ओलीत पाझरू लागली, की जिवावर बेतण्याआधीच ही पेटी पुरवठा तोडते. आमच्याकडे ओल्या हाताने कोणीही नळ धरला, की पेटीची दांडी खाली पडायची आणि मोटर बंद. नाना वैतागले. "लई भित्री हाय राव तुमची पेटी," म्हणत त्यांनी एका संध्याकाळी तिची दांडी सुतळीने वर बांधून टाकली. एवढा सोपा उपाय कुठल्या इंजिनिअरला सुचला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर लावून, छकुलीला कडेवर घेऊन, नाना अनवाणी मोरीत उभे होते. तिने वाकून नळ धरला. दोघंही किंचाळली. मी धावलो तोवर मोटर थांबली होती. दांडी सुतळीत ताठ उभी, पण पेटीने आतल्या आत आपलं काम केलं होतं. पोरगी रडत होती आणि नानांचे हात तिचे तळवे चोळत होते. मला त्यांचा भयंकर राग आला, पण ते हात पाहून तो टिकला नाही. सुतळी त्यांनीच सोडली. "भित्री हाय म्हून पोर वाचली," एवढंच बोलले. आठवड्याच्या आत भिंत फोडून सगळं वायरिंग नवं झालं.

पुढे आम्ही चिंचवडला स्वतःचं घर घेतलं. सत्यनारायणाला नाना आले ते थेट तिथे बसवलेल्या पेटीकडे गेले आणि तिचं तपासणीचं बटण दाबलं. ऐन कथेत दिवे, पंखे, भटजींचा लाउडस्पीकर, सगळं गप्प. पाहुणे कुरकुरले. नानांनी शांतपणे दांडी वर केली, छकुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, आता म्या मेलो तरी काळजी न्हाई."

नाना शब्दाचे पक्के. दिवाळीपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.