रिकामा डबा परत करायचा नाही

मुकुंदकाका गेल्याचं शैलाकाकूंनी फोनवर सांगितलं आणि लगेच पुढच्या वाक्यात विचारलं, “आमचा स्टीलचा डबा तुझ्याकडेच आहे ना गं?” मी युनिव्हर्सिटीच्या पार्किंगमध्ये उभी होते. हो म्हणाले. रडायचं, की डबा नक्की कुठे ठेवलाय ते आठवायचं, हे कळेना... शेवटी डबाच आठवत बसले. काकांच्या बाबतीत बहुधा हेच व्हायचं. मोठी गोष्ट बाजूला राहायची आणि डब्यावरून वाद सुरू व्हायचा.

ते माझे सख्खे काका नव्हेत, बाबांचे कॉलेजातले मित्र. मी पीएचडीसाठी न्यू जर्सीत आले तेव्हा बाबांनी परस्पर त्यांना फोन करून टाकला, आणि महिन्यातला एक रविवार पार्सिपनीला त्यांच्या घरी जेवायला जाणं मला कधी चुकवता आलं नाही. मी कमी बोलते. काकांना ते सोयीचं होतं. त्यांनी माझं नाव ‘इंग्लिश मीडियम’ ठेवलं होतं. “काय इंग्लिश मीडियम, वरणावर तूप, की नुसतीच थिअरी?” असं दारातच विचारायचे. सोव्हिएत राजवट कोसळल्यावर नव्याने उभ्या राहणाऱ्या देशांना आर्थिक सल्ला देण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यातली सर्वांत जास्त मोल्डोव्हात. कुठला सरकारी कारखाना विकायचा, कुठला बंद करायचा, नवे उद्योग कसे येतील, असं ते काम. त्या देशाबद्दल बोलताना ते ‘आमच्याकडे’ म्हणायचे. ‘आमच्याकडे हिवाळ्यात हीटिंग नसायचं’ हे त्यांच्या मूळ गावाबद्दल, सांगलीबद्दल नाही, हे लक्षात यायला मला काही रविवार लागले. माझा प्रबंधही नेमका याच आर्थिक सुधारणांवर. माझं दुर्दैव.

निघताना काकू उरलेली भाजी डब्यात भरून द्यायच्या. पहिल्यांदा मी तो डबा स्वच्छ घासून परत नेला, तर काकांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. “रिकामा? तुझ्या आजीने काही शिकवलं नाही?” पुढच्या खेपेला मी रागाने त्यात एक ग्रॅनोला बार टाकला. त्यांनी तो तिथेच उभ्याने खाल्ला आणि म्हणाले, “चव भयंकर आहे. पण नियम पाळलास.”

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना माझा शेवटचा चॅप्टर वाचायला दिला. सुधारणांमुळे कामं गेली, पण त्याहून जास्त नवी आली, देशाची वाढ झाली, असा माझा निष्कर्ष. ताटात वरण गार होत होतं आणि ते वाचत होते. मग चष्मा काढून म्हणाले, “गेलेली कामं मोजलीस, आलेली मोजलीस. पण ज्यांची गेली, त्यांनाच आली का?”

“काका, गेलेली वजा केली तरी नेट एम्प्लॉयमेंट वाढलंय.”

“नेट एम्प्लॉयमेंट नावाची बाई मला आमच्याकडे कधी भेटली नाही.”

मग त्यांनी शिलाईच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. एका लहानशा गावात बायका कोट शिवायच्या, आणि ते कोट कोणी विकत घेत नव्हतं. कारखाना बंद करा, असा सल्ला काकांनीच दिला होता, आणि तो बरोबर होता असं ते शेवटपर्यंत म्हणत. पण त्याच अहवालात त्यांनी लिहिलं होतं की या बायका नव्या उद्योगांत सामावून जातील. “गेल्या की सामावून,” काका म्हणाले, “इटलीत. परक्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला. स्वतःची पोरं आजीकडे ठेवून.” चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, “त्यांच्याकडून कारखाना काढून घेतला त्याचं वाईट वाटत नाही मला. पण त्यांचा डबा रिकामा परत केला... आमच्या आईने कानफटात दिली असती.”

मला राग आला होता. तुमच्या अहवालातली चूक माझ्या चॅप्टरमध्ये का भरताय, असं विचारायचं होतं. मी फक्त “बघते” म्हणाले. एकेका कामगाराचं पुढे काय झालं ते शोधायचं तर आणखी एक वर्ष हवं. माझं फंडिंग उन्हाळ्यात संपत होतं, आणि विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्या मुलीला वर्ष असं सहज सापडत नाही. हे काकूंना कळत होतं. “अहो, पोरीला आधी पास तरी होऊ द्या.” काका म्हणाले, “होईल की पास. अमेरिकेत सगळे होतात.” त्यानंतर माझ्या फोनवर त्यांचे निरोप येऊ लागले. मी उचलत नसे, म्हणून निरोप. नमस्कार नाही, चौकशी नाही, नुसतं “सापडल्या का बायका?”

ते गेले आणि हे विचारणारं कोणी उरलं नाही. चॅप्टर होता तसा देऊन टाकला असता तरी चाललं असतं. माझे गाइड तर म्हणालेच, की तो पूर्ण आहे. मी म्हटलं, नाही, एक आक्षेप राहिलाय. कोणाचा? म्हटलं, माझ्या एका काकांचा. ते प्रबंधाच्या कमिटीवर आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, आणि माझाच मला भयंकर वैताग आला. चॅप्टर थांबवायचा, तोवर एका सत्रापुरतं शिकवण्याचं काम मिळेल, पुढचं पुढे पाहू, असं ठरलं.

तेरावा शनिवारी केला, कारण आठवड्यात कोणाला सुट्टी नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा चिवडा करून डब्यात भरून नेला. काकूंनी झाकण उघडलं, चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “मीठ विसरलीस.” डबा घेऊन त्या आत गेल्या. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. निघताना त्यांनी तोच डबा माझ्या हातात ठेवला, जेवणातले लाडू भरून.

परवा लाडू संपले. डबा घासून लॅपटॉपशेजारी ठेवलाय. पार्सिपनी काही लांब नाही, पण नेऊन द्यायचा तर त्यात काहीतरी हवं... आणि त्या बायका अजून मला सापडलेल्या नाहीत.