मासोळीच्या दिवशी दुधाची क्रीम

"आ कर," शालू म्हणायची, आणि आम्ही मुली मुकाट आ करायचो.

आठवीचा वर्ग. गोंदियातलं आमचं कॉन्व्हेंट, मधली सुट्टी, डबे उघडलेले. हिला मात्र डब्यापेक्षा आमच्या दाढांमध्ये जास्त रस.

सिस्टर ओरडायच्या, "शालिनी, लेट देम ईट!"

काल सकाळी शालू गेली.

तुमच्यासाठी डॉक्टर शालिनी, दातांच्या डॉक्टर. माझी शालू.

कालपासून फोन थांबत नाहीत. प्रत्येकाला तिने वाचवलेली आपली एक दाढ आठवते.

मला कामिनी आठवते.

सात-आठ वर्षं झाली असतील. शाळेतलं शिकवणं आटोपलं की मी चहाला शालूच्या क्लिनिकमध्ये जाऊन बसायचे. एकदा सौंदडहून वनिता नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन आली. कामिनी, नववीतली. समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग. हसू आलं की ओढणी तोंडावर.

दुसरीकडे दाखवलं होतं. दात मशीनने घासून बारीक करा आणि वर कॅप बसवा, असं सांगितलं होतं.

शालूने बराच वेळ आरसा फिरवून पाहिलं.

"खड्डा पडला नाही अजून. वरचं कवच पोचट झालं फक्त. मी घासणार नाही हे दात."

"मंग काय करता जी?"

"दुधातून काढलेलं प्रोटीन राहते, त्याची क्रीम येते. धानाच्या बांधीचा धुरा पाण्यानं खचाले लागला का आपण त्या बांधाले माती लावतो ना? तसं. दातातलं निघून गेलेलं कॅल्शियम हे परत आणून देते. पन खड्डा पडला, तं मंग क्रीमचा उपयोग नाही."

रात्री ब्रश झाला की बोटाने लावायची. थोड्या वेळाने थुंकायचं, चूळ भरायची नाही. एवढंच काम.

पावसाळा संपता संपता मायलेकी परत आल्या.

डाग जसेच्या तसे.

शालूचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आणखी थांबवलं आणि खड्डा पडला, तर? मीच हट्ट केला ना गं."

मग तिने वनिताकडून ट्यूब मागून घेतली. दाबून पाहिली. गच्च भरलेली.

"वनिता, लावली काऊन नाही?"

"लावते ना बाई! पन मासोळीच्या दिवशी कशी लावू? मासोळीवर दूध गेलं का कोड फुटते. पोरीचे दात पहिलेच पांढरे होऊन राहिले."

"आन मासोळी कधी कधी राहते घरी?"

"तलाव भरला जी. रोजच राहते."

शालू स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मला म्हणाली, "माझी आई मासोळीवर चहासुद्धा देत नसे. आणि मला विचारायचं सुचलं नाही बघ."

मासोळी आणि दुधाने कोड होत नाही, हे तिने वनिताला नीट समजावलं. वनिताने जोरजोरात मान हलवली. पटलं नाही की आपल्याकडे मान अशीच हलते.

"बरं, सकाळी लाव. तवापर्यंत पोटातली मासोळी मेली राहते."

"बाई, ते तं कढईच्या पहिलेच मेली राहते!"

कामिनी खळखळून हसली. ओढणी विसरली.

थंडी सरली तेव्हा डाग विरत आले होते. सगळे गेले नाहीत. एक अजूनही आहे, निरखून पाहिलं तर दिसतो. पण कवच घट्ट झालं, चमक आली. दात तिचे स्वतःचे राहिले.

तेव्हापासून शालू क्रीम देण्याआधी प्रत्येकाला विचारायची, "घरी जेवायला काय काय असते?" लोकांना वाटायचं, बाई गप्पिष्ट आहेत.

आज कामिनीचा फोन आला. रडत होती. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, फोटो बाईंना दाखवायचा राहिला म्हणाली.

तो फोटो तिने मला पाठवला. तोंडभर हसते आहे पोरगी.

आता कामाचं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात भरती असताना शालूने मला तोंडी सांगून ठेवलं होतं, म्हणून इथे लिहिते.

खुर्ची आणि मशीन देवरीला नवीन क्लिनिक टाकणाऱ्या तिच्या भाचीला.

प्लास्टरचा मोठा जबडा आणि भलामोठा ब्रश सौंदडच्या शाळेला. मुलांना हाताळू द्या, कपाटात ठेवू नका.

तयार कवळ्या कपाटात आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जा, दुसऱ्या कोणाला बसणार नाहीत.

क्रीमच्या ट्यूबा, ज्यांचा उपचार अर्धा राहिला आहे त्या मुलांना. भाची तपासून देईल. दुधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, अशा मुलांना ही क्रीम चालत नाही. हे तिने मला दोनदा बजावलं.

आणि ज्यांना दात घासून कॅप बसवायची तारीख मिळाली आहे, त्यांनी त्याआधी एकदा भाचीला दाखवा. खड्डा पडला नसेल तर अजून वेळ आहे.

बाकीचं मी बघते. जय भीम, शालू.