खालांचा बल्ब

बाबा कामाला होते ती सळयांची मिल बंद पडली, बिल थकलं आणि मस्तगडातल्या आमच्या भाड्याच्या खोलीची वीज तोडली. तेव्हा शेजारच्या मुसलमान मावशींनी, आमच्या खालांनी, त्यांच्या खिडकीतून वायर टाकून आमच्याकडे एक बल्ब लावून दिला. बटण मात्र त्यांच्या घरात होतं. दिवेलागणीला बल्ब लागला की आई हात जोडायची, पण देव्हाऱ्याकडे नाही, त्या खिडकीकडे.

“आपला देव काय मेलाय का गं?” मी चिडायचो.

“उजेड जिकडून आला, तिकडंच जोडणार न्हाई का?”

पुढे आमचं मीटर परत आलं, तरी तिचे हात खिडकीकडेच वळायचे.

खाला वारल्या, त्या संध्याकाळी आमच्या खोलीतलं बटण मी दाबलं. खोलीभर लख्ख उजेड पडला. आईचे हात मांडीवरच राहिले.