उचललेला बॉल

लोक विचारतात, कापसाच्या मुलखातला पोरगा फुटबॉलमध्ये कसा गेला? बाकीचे पोटासाठी पुण्याच्या कारखान्यात गेले, तसाच मी गेलो. अजून कसा जाणार! घाटंजीकडच्या आमच्या तांड्यात मैदान कुठलं असायला? पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, काढून झाली की त्याच काळ्या शेतात आम्ही खेळायचो. जागोजागी ढेकळं, भेगा, मागे राहिलेले खुंट. बॉल सरपटत दिला की भलतीकडेच पळायचा. म्हणून माझ्या थोरल्या भावानं, भियानं, मला पहिलीच गोष्ट शिकवली, "बॉल उचलून देत जा. जमिनीचा भरोसा नाही." भिया माझ्याहून दसपट चांगला खेळायचा. घरातून एकालाच सोडता येत होतं. त्यानं मला सोडलं.

गोव्याच्या एका क्लबानं मला एका मोसमापुरतं घेतलं, मधल्या फळीत. तिथलं गवत म्हणजे गादीच. आणि त्या गादीवर मी शहाणा बॉल उचलत बसलो! "खाली! खाली दे!" करून कोचचा घसा बसायचा. डोक्याला कळायचं हो, पण पायाला कोण समजावणार? अंगावर माणूस आला की पाय आपसूक बॉलखाली शिरायचा.

त्या साली गावाकडे बोंडअळीनं कापूस पार खाल्ला होता. फोन केला की घरचे म्हणायचे, सगळं बरं आहे. मी मानायचो. मोसम संपत आला तेव्हा कुठे मला पहिल्या मिनिटापासून खेळवायचं ठरलं. कोचनं आडपडदा न ठेवता सांगितलं, आज चमकलास तर पुढच्या वर्षी ठेवू, नाहीतर रामराम.

आमच्याच गोलासमोर दोघं अंगावर आले आणि मी बॉल उचलला. तो थेट त्यांच्या माणसाच्या छातीवर. गोल झाला. मध्यंतरात मला बाहेर बसवलं. सामना संपल्यावर कोच म्हणाला, "दुसरीकडे बघ आता." स्वतःच्याच पायांचा असा संताप आला होता, की काय सांगू.

तेवढ्यात भियाचा फोन. "काय गोल हाणला बे तू! तबियत खुश झाली!"

माझं डोकंच फिरलं. "जखमेवर मीठ कायले चोळून राह्यला? लाज वाटत नाही?"

मग फोनवर याडी आली, म्हणजे आमची आई. ती बाहेर व्हरांड्यात येऊन हळू आवाजात बोलू लागली. भिया मजुरीनं फवारणीला गेलता. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, सगळं औषध तोंडावर आलं. आता तो यवतमाळच्या दवाखान्यात होता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. परगावी गेलेल्याला वाईट बातमी कळवायची नाही, ही तांड्याची रीत. म्हणून माझ्यापर्यंत काहीच आलं नव्हतं. सिस्टरनं आवाज बंद ठेवायला लावला, म्हणून बापू, आमचे वडील, खाटेवर बसून मोबाईलमध्ये बघून त्याला सामना सांगत होते. बापूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी बाहेर गेल्याचं मात्र त्यांना कळलं. मग सांगता सांगता त्यांनी मनानंच मला एक गोल मारायला लावला.

"डॉक्टर म्हणते, त्याले रडू देऊ नका," याडी म्हणाली आणि परत आत गेली. "घे, बोल त्याच्यासंग."

"तुले राग काहून आला बे?" भियानं विचारलं.

"थकलो होतो."

"बरं, मले नीट सांग, गोल कसा मारला? बापूले धड सांगताच येत नाही."

मी सांगितलं. मधून बॉल कसा घेतला, एकाला कसा चकवला, गोलकीपर पुढे आलेला कसा दिसला.

"डाव्या पायानं?"

"हो, डाव्याच."

तो लहान पोरासारखा खुदकन हसला. "मंग आता ठेवतेत तुले."

"ठेवतेत," मी म्हणालो.