काकांचे दोन निकाल

लहानपणी मी अडखळत बोलायचे. दुबईत करामा भागातल्या आमच्या इमारतीतले एक काका बांधकाम कंपनीत मॅनेजर होते आणि पेटी वाजवायचे. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला सुधारायचा ठेका घेतला होता.

गणपतीला आमच्याकडे आले की सगळ्यांसमोर ते टेबलावर दोन ठेके वाजवत आणि विचारत, "दोन्ही सेम की वेगळे?" माझं बहुतेक वेळा चुकायचं. "हिचा कानच कच्चा आहे, म्हणून अडखळते," असा निकाल लागायचा. लगेच आरती सुरू व्हायची. ती मी टाळ्यांच्या तालात सगळ्यांबरोबर न अडखळता म्हणायचे. मग दुसरा निकाल यायचा, "बघा, येतं हिला. बोलताना नाटकं करते." कान कच्चा असेल तर ही तालात गाते कशी, असा प्रश्न त्या हॉलभर भरलेल्या डिग्र्यांपैकी एकीलाही पडला नाही.

मग मंदी आली आणि काकांची नोकरी गेली. पुढच्या गणपतीत एका पाहुण्यांनी त्यांना सहज विचारलं, "सध्या कुठे आहात?" काका "सध्या, म्हणजे, मी, सध्या" असं करत राहिले. त्यांना कुणी "सावकाश बोला, श्वास घ्या" म्हणालं नाही. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि आरती धरली. ती संपून पाहुणे तोंड उघडणार, तोच दुसरी. मग तिसरी. मोदक गार झाले.

गाताना काका कुठेही अडखळले नाहीत. त्यावर निकाल द्यायला मात्र कुणी पुढे आलं नाही.