आडवा अंगठा

"तिचं मनावर घेऊ नका. आमच्याकडे काही लोकांना ओरडल्याशिवाय बोलताच येत नाही."

हे तो इंग्रजीत म्हणाला. हसत हसत, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं. आणि टेबल हसलं.

मी ओरडले नव्हते. मी एवढंच म्हणाले होते की पट्ट्याचा वेग कमी करा.

सिडनीच्या पश्चिमेला एका मोठ्या लॉन्ड्रीत मी काम करते. हॉस्पिटलांच्या चादरी, गाऊन, टॉवेल आमच्याकडे येतात. मळलेले, रक्ताचे, उलटीचे. पिशव्या फोडल्या की कपडे सरकत्या पट्ट्यावर पडतात आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या आम्ही बायका ते हाताने निवडतो. चादरी इकडे, गाऊन तिकडे. त्यातूनच कधी कात्री निघते, कधी चिमटा. कधी सुई. पट्टा हळू असला तर ती डोळ्यांना दिसते. जोरात असला तर हाताला कळते.

मी इथे अकाउंटिंग शिकायला आले होते. शिकले. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला. अकाउंटिंगची नोकरी मिळाली नाही, लॉन्ड्रीतली मिळाली. हॅरिस पार्कला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. पट्ट्यावरच्या बायकांनी मला आपली प्रतिनिधी म्हणून सेफ्टी कमिटीवर निवडून दिलं, कारण मला इंग्रजी येतं आणि मी कुणाला घाबरत नाही, असं त्यांना वाटलं. इंग्रजीचं खरं होतं.

आणि तो म्हणजे अनिरुद्ध, आमचा प्लान्ट इंजिनियर. पुण्याचा. पहिल्या भेटीत त्याने मला आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. "अच्छा, अच्छा," म्हणाला. आमच्या घरात भिंतीवर कुणाचा फोटो आहे, ते त्याला तेवढ्यावरून कळलं. त्यानंतर तो माझ्याशी मराठीत बोलला नाही. ऑफिसातल्या दुसऱ्या मराठी मुलीला त्याने कॅसल हिलच्या घरी गणपतीला बोलावलं. मला फक्त "हाऊ यू गोइंग?" आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही.

कमिटीचा अध्यक्ष ग्रेग, साइट मॅनेजर. माणूस गोड. मीटिंगला स्वतः बिस्किटं आणायचा. आमच्या कमिटीत ठराव हात वर करून होत नाहीत, अंगठ्यावर होतात. अंगठा वर म्हणजे मान्य. खाली म्हणजे अमान्य. आडवा म्हणजे पटलं नाही, पण चालवून घेईन.

पट्ट्याचा वेग वाढवायचा विषय आला तेव्हा मी अंगठा आडवा धरला. मला वाटलं, हाच सभ्य नकार. आमच्या घरात साहेबाला तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती. वडील शाळेत शिपाई. हेडमास्तरांनी रविवारी त्यांच्या घरचं काम सांगितलं की वडील म्हणायचे, "बघतो सर." त्यातला नकार फक्त आईला कळायचा. आणि वडील जायचे.

ग्रेगने माझा आडवा अंगठा संमतीत धरला. पट्ट्याचा वेग वाढला. पुढच्या मीटिंगला मी तोंड उघडलं, तेव्हा ते टेबल हसलं.

ग्रेग हसला नाही, हे सांगायला हवं. तो म्हणाला, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मतभेद कन्स्ट्रक्टिव्हली मांडायला हवेत. आणि तसं बोलायला शिकवणाऱ्या ट्रेनिंगला त्याने मला पाठवलं. मला. अनिरुद्धला नाही. तिथे शिकवलं, "तुमचं चुकतंय" म्हणू नका, "मला काळजी वाटते" म्हणा. मी हुशार विद्यार्थिनी. पुढच्या मीटिंगला म्हणाले, "मला काळजी वाटते."

"थँक्स फॉर शेअरिंग," ग्रेग म्हणाला, आणि आम्ही कार पार्किंगच्या विषयाकडे वळलो.

सेला टोंगा बेटांवरची. पट्ट्यापलीकडे माझ्या समोर उभी राहायची, चर्चमधली गाणी गुणगुणत. एका दुपारी गाणं मध्येच थांबलं. तिने हात मागे घेतला, ग्लोव्ह काढला. बोटावर रक्ताचा ठिपका, बारीक. ती बोटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. सुपरवायझर तिला घेऊन गेली. पट्टा चालूच होता. तिच्या जागेवर कुणीतरी हवं होतं, म्हणून मी पलीकडे जाऊन उभी राहिले. तेवढंच केलं मी.

कुणाला टोचलेली सुई होती, माहीत नाही. सेलाच्या रक्ताच्या तपासण्या अजून चालू आहेत. प्रत्येक वेळी नुसती वाट बघायची. मी तिच्या घरी गेले. तिने चहा केला. मला इतरांच्या कपांतला एक दिला, आणि स्वतःसाठी कपाट उघडून वरच्या फळीवरचा, दांडीला लाल दोरा बांधलेला कप काढला. डॉक्टरांनी सांगितलंय की कपाने काही पसरत नाही. तरी तिने स्वतःला वेगळं काढलं होतं. नातीची पापीसुद्धा घेत नाही, म्हणाली.

वेगळा कप म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागत नाही. माझी आजी गावच्या हॉटेलात आयुष्यभर वेगळ्याच कपातून चहा प्यायली. बाहेर बसून. मी कप खाली ठेवला. मी रडले, आणि सेलाच मला समजावत बसली.

पुढच्या मीटिंगला अनिरुद्धने अहवाल वाचला. अपघाताचं कारण: कामगाराचं लक्ष नव्हतं. उपाय: सगळ्यांना पुन्हा ट्रेनिंग आणि भिंतीवर पोस्टर. ग्रेग म्हणाला, "थंब्स, प्लीज."

सगळे अंगठे वर गेले. माझा खाली.

ग्रेगने मऊ आवाजात विचारलं, "कॅन यू लिव्ह विथ इट?" चालवून घेशील का?

"नो," मी म्हणाले. माझा आवाज फाटला.

तेव्हा अनिरुद्ध माझ्याकडे झुकला आणि इतक्या काळानंतर माझ्याशी मराठीत बोलला. हळू. "हात खाली घे. इथे येऊनही तुम्हा लोकांची ती सवय जात नाही."

तुम्हा लोकांची.

मी अंगठा तसाच ठेवला. मग तो जे बोलला ते मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितलं, सगळ्या टेबलाला. तुम्हा लोकांची म्हणजे कुणाची, तेही सांगितलं. आणि म्हणाले, "मिनिट्समध्ये लिहा. सेलाचं लक्ष होतं. पट्टा जोरात होता. मला हे मान्य नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. अनिरुद्ध म्हणाला, "दॅट्स आउट ऑफ कॉन्टेक्स्ट, मेट." ग्रेग म्हणाला, हे आपण नंतर बोलू. बाकीचे अंगठे वर होते. अहवाल मंजूर झाला.

पोस्टर लागलं. पट्टा तसाच. माझ्या शिफ्ट कमी झाल्या. एचआरने बोलावलंय, माझ्या 'टोन'बद्दल. पट्ट्यावरच्या बायका म्हणतात, जाऊ दे ना, तुलाच त्रास होईल. खरंय. होतोय. भाड्याचे पैसे मी रोज रात्री पुन्हा मोजते. सेलाचा रिपोर्ट अजून यायचाय आणि त्यात मी काहीच करू शकत नाही. काहीच.

काल मी ग्रेगच्या दारात उभी राहिले. बिस्किटं नाहीत, टेबल नाही. म्हणाले, "मला बायकांनी निवडून दिलंय. सेफ्टी प्रतिनिधीचं ट्रेनिंग मी पूर्ण केलंय. धोका समोर असला की काम थांबवायचा अधिकार मला कायद्याने आहे. सोमवारी पट्टा याच वेगाने सुरू झाला तर मी तो थांबवणार."

"लेट्स बी कन्स्ट्रक्टिव्ह," तो म्हणाला.

मी वळले आणि पट्ट्याकडे गेले.

सेलाच्या जागेवर आता एक नेपाळी बाई आली आहे. तिला अजून इथला वास सोसत नाही, पिशवी फुटली की मान फिरवते. पट्ट्याच्या शेवटी तो थांबवायचं बटण आहे. सोमवारी मी तिथे उभी राहणार. तिच्या हाताला काही कळायच्या आधी ते दाबणार. ते पुन्हा सुरू करतील. मी पुन्हा दाबणार.