अर्ध्यावर थांबणारं फाटक

ताईशी मी एकदा खोटं बोललो आणि ते कबूल करायच्या आत ती गेली. भाचीचा फोन आला तेव्हा मी रामदासपेठेतल्या ऑफिसात होतो. सांगायला लाज वाटते, पण रडू येण्याआधी माझ्या मनात हेच आलं… आता तिला खरं सांगायचं राहूनच गेलं. गोष्ट खेळण्यातल्या एका रेल्वे फाटकाची होती. पण त्या खोट्यापायी चौथीतल्या एका मुलीचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

ताई मनीषनगरकडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. मुलांनी छोटे रोबो बनवावेत म्हणून शाळेत मोटर, सेन्सर, तारा असलेले खोके आले, तेव्हा बाकीचे शिक्षक जरा बिचकले. ताईनं खोका उघडला, मुलांसोबत सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "मलेही नाही येत. चला, सोबत बिघडवू." मी इंजिनियर म्हणून शनिवारी मला बोलावून घ्यायची. नियम मात्र एकच होता. वर्गात आलेल्या मोठ्या माणसानं हात पाठीमागे बांधायचे. सांगायचं ते तोंडानं. तारा जोडणं, कॉम्प्युटरवर रंगीत ठोकळे एकाखाली एक लावून प्रोग्राम करणं, सगळं मुलांनी. माझे हात सुटले रे सुटले की ती ओरडायची, "इंजिनियर, हात मागं!" पोरं खिदळायची. मी कुरकुरलो की म्हणायची, "तू दुरुस्त करशीन गा, पण मंग ते तुह्यं होईन. पोराजवळ काय उरलं?"

पालकांना मॉडेल दाखवायचा दिवस होता. चौथीतल्या श्रावणीनं फाटक केलं होतं. सेन्सरसमोर पुठ्ठ्याची आगगाडी आली की आइसक्रीमच्या काड्यांचा दांडा खाली यायचा. शेजारी एक इवलीशी हातगाडी, तिच्यात मातीची केळी. मुलं डबे खायला गेली, ताई मुख्याध्यापकांकडे गेली आणि मी सहज फाटक चालवून पाहिलं. दांडा अर्ध्यावर थांबला, काही क्षण तसाच राहिला, मग खाली आला. मला वाटलं, पोरीचं चुकलंय. पालकांसमोर हसू होईल. प्रोग्राममधला थांबण्याचा ठोकळा मी काढून टाकला. दांडा सरळ खाली येऊ लागला. मला बरंही वाटलं.

पालक जमले. श्रावणीनं हातगाडी दांड्याखाली ठेवली, आगगाडी पुढे सरकवली आणि दांडा थाडकन हातगाडीवर आदळला. केळी टेबलावरून घरंगळली. तिचे आबा, जे खरोखरच केळीची गाडी लावतात, मोठ्यानं हसले, "आवं, मलेच दाबलं ना वं पोरी!" सगळे हसले. श्रावणी हुंदके देत म्हणाली, "बाई, मी दांड्याले थांबवलं होतं… आबा गाडी घेऊन फाटकात फसते ना, त्याले निघायले वेळ पाह्यजे म्हणून…"

ताईनं कॉम्प्युटर पाहिला. ठोकळा नव्हता. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तू हात लावला काय गा?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. पण त्यानंतरच्या शनिवारी माझे हात टेबलावर आले, तरी ती ओरडली नाही. तिला कळलं होतं, असं मला आता वाटतं. मी आपणहून बोलावं म्हणून ती थांबली होती… आणि मी प्रत्येक शनिवार पुढच्यावर ढकलत गेलो. श्रावणी मॉडेलला शिवेनाशी झाली. "माह्यं चुकते," म्हणायची आणि दुसऱ्यांच्या गाड्या रंगवून द्यायची. ताई रोज एक मोटर तिच्याजवळ ठेवून जायची.

मागच्या शनिवारी मी शाळेत गेलो. वर्ग बंद पडला असेल, असं वाटलं होतं. दारातूनच गलका ऐकू आला. नव्या मॅडम सतरंजीवर बसल्या होत्या, एक पालक हात मागे बांधून उभे होते आणि एक चिमुरडी त्यांना दटावत होती. ताई गेली होती, पण तिचा नियम पोरांनी सोडला नव्हता.

श्रावणी कोपऱ्यात रंगवत होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, तिच्या फाटकातला ठोकळा मी काढला होता. श्रावणीनं ब्रश खाली ठेवला. "मंग तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"भ्यालो."

"कोणाले?"

"तुमच्या बाईंले."

"बाईंले कोणी भेते काय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी हसली. श्रावणी हसली नाही. उठली, कपाटातून फाटक काढलं, कॉम्प्युटरवर ठोकळा पुन्हा जागेवर लावला. कोणालाही विचारलं नाही. तिनं हातगाडी दांड्याखाली ठेवून पुठ्ठ्याची आगगाडी सरकवली. दांडा खाली आला, अर्ध्यावर थांबला. तिनं बोटानं हातगाडी रुळांपलीकडे नेली. मग दांडा पूर्ण खाली आला.

मी तिच्यासमोर हात जोडायला गेलो.

"काका, हात मागं!" ती ओरडली.

मी हात पाठीमागे बांधले आणि तसाच उभा राहून म्हणालो, "तुझं बरोबर होतं, बेटा. चूक माझी होती आणि मी खोटं बोललो. मला माफ कर."